वीस किलोचा देव

आधीच सांगून मोकळा होतो: मी बाताड्या माणूस आहे. कर्जत-खोपोली शटलमध्ये माझ्या शेजारी बसायला लोक भांडायचे, पण माझ्यावर विश्वास ठेवायला त्यातला एकही तयार नसायचा. केळवलीला बिबट्या डब्यात चढला आणि तिकीट तपासनीस दिसल्यावर पुढच्या स्टेशनात उतरून गेला, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली, की शेवटी शेवटी मला त्या बिबट्याची दारात अडकलेली शेपटीही आठवायला लागली. म्हणून या अंकाच्या संपादकांनी "नोकरीतल्या आठवणी लिहा, पण खऱ्या लिहा" असं बजावलं, तेव्हा मी म्हणालो, "पूर्ण खरी एकच आहे हो. बाकीच्यांना थोडं तेल ओतावं लागेल."

तेल हाच माझा धंदा होता म्हणा ना.

खोपोलीच्या अलीकडे आमचा कारखाना. तिथे डॅम्पर बनायचे. बसच्या चाकापाशी एक जाडजूड नळकांडं उभं असतं, लोक त्याला शॉकअ‍ॅब्सॉर्बर म्हणतात, तेच. लोकांना वाटतं ते धक्का खातं. धक्का खाते स्प्रिंग. पण स्प्रिंगची जात लहान पोरासारखी. खड्डा एक आणि उड्या बारा. तिला "बस झालं आता" असं म्हणणारं कुणीतरी वडीलधारं लागतं. ते म्हणजे डॅम्पर. नळकांड्यात तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. दट्ट्या हलला की तेलाला त्या भोकांतून पलीकडे जावं लागतं. आणि तेल म्हणजे कचेरीतला जुना कारकून. तुम्ही जितकी घाई कराल तितकं ते अडणार. हळू ढकला, मुकाट जाईल. दुप्पट वेगाने ढकला, दुप्पट अडून बसेल. घरी बघायचं असेल तर काकवीच्या बरणीत पळी घाला. हळू ढवळलंत तर पळी फिरते. जोरात ढवळलंत तर पळीबरोबर बरणीही फिरते, आणि मग बरणीची मालकीण तुमच्या दिशेने निघते.

हे तेल नक्की किती अडतं, म्हणजे अमुक वेगाला अमुक किलोंचा विरोध, हे मोजून वहीत लिहायचं, एवढंच माझं काम. आई विचारायची, "कामाला करतोस काय रं तू?" मी म्हणायचो, "तेलाचा हट्ट मोजतो." तिने वाडीत सांगितलं, पोरगा मोठा साहेब झालाय, हट्टी लोकांवर नेमलाय.

मोजायला एक मशीन होतं. परदेशातून जुनं म्हणून घेतलेलं आणि आमच्याकडे येऊन आणखी जुनं झालेलं. डॅम्परचं खालचं टोक एका चाकाला अडकवायचं, चाक फिरलं की ते वर-खाली. वरचं टोक एका लांब दांड्याला. तेल जितकं अडेल तितका दांडा ओढला जायचा, आणि दांड्याच्या टोकाची पेन्सिल कागदावर आकृती काढायची. डॅम्पर चांगला असला की आकृती हुबेहूब कैरीची, गुबगुबीत. आत हवा राहिली असेल तर कैरीला पोपटाने चोच मारल्यासारखा खड्डा. तेल गळलं असेल तर कैरीची आंबोशी. दिवसाला दीडशे कैऱ्या काढायचो मी. एकदा मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी भिंतीवरचे माझे कागद पाहिले आणि मीठ-तिखट मागितलं. (थाप आहे. तिखट मागितलं नव्हतं.)

अशी विद्या अंगात असली की माणसाला गावात मान मिळतो, पण फुकटची कामंही लागतात. कर्जतच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्याचं दार धाडकन आपटायचं. रुग्ण दचकायचे, डॉक्टरांना प्रत्येकाचा रक्तदाब जास्त सापडायचा. मी दाराला आमच्याकडचा एक नापास डॅम्पर बसवून दिला. तो जरा जास्तच अडणारा निघाला. दार इतकं सावकाश लागायला लागलं, की एक शेळी आत आली, भिंतीवरचं कॅलेंडर मार्चपर्यंत खाल्लं आणि दार लागायच्या आत बाहेर पडली. पण डॉक्टर खूश. म्हणाले, "जाधव, गेल्या आठवड्यात एकाचाही रक्तदाब वाढलेला नाही."

दुसरं गिऱ्हाईक कर्जतचे भातगिरणीवाले शेठ. त्यांच्या गिरणीत मोठ्या तबकडीचा वजनकाटा होता. अशा काट्याच्या पोटात तेलाची एक वाटी असते, तिच्यात एक चकती बुडालेली असते. तिच्यामुळे सुई हेलकावे न खाता जागेवर बसते. त्या वाटीतलं तेल केव्हाच संपलेलं. पोतं ठेवलं की सुई बाजारात हरवलेल्या माणसासारखी इकडे बघ, तिकडे बघ. शेतकरी ती उजवीकडे गेली की ओरडायचा, शेठ डावीकडे गेली की. मी वाटी धुतली, बेताचं तेल भरलं. सुई एकदा गेली, अर्धी परत आली आणि मुकाट बसली. गिरणीतलं निम्मं भांडण त्या वाटीत बुडालं. शेठ म्हणाले, "जाधव, सरकारी माणूस नुकताच शिक्का मारून गेलाय, आता माझा काटा तालुक्यात एक नंबर. कधी काही तोलायचं असलं तर हक्काने ये." मी म्हटलं, आपल्याकडे तोलायला काय असणार? तेव्हा मला काय माहीत, एक दिवस मी त्यांच्याकडे देव तोलायला नेणार आहे.

आता ती गोष्ट. ही मात्र खरी.

आमच्या खात्याचे फोरमन नाना. खालापूरकडचे, धिप्पाड, कपाळाला गंध, तोंडात शिवी, आणि दोन्हींत भेसळ नाही. मशीन खरं बोलतंय की नाही हे बघायला आमच्याकडे एक प्रमाण वजन होतं: ओतीव लोखंडाचं, वीस किलोचं, वर आकडा. दर सोमवारी ते दांड्याला टांगायचं. पेन्सिल वीसच्या रेघेवर आली तर ठीक. नाही आली तर नट फिरवून आणायची. म्हणजे मशीनने कुणाला विचारायचं, तर वजनाला.

मशीन नवीन बसवलं त्या वर्षी साखळी तुटून हे वजन नानांच्या पायाजवळ पडलं. अंगठा आणि वजन यांच्यामध्ये एक बोट जागा. नानांनी त्याच दिवशी त्याला शेंदूर लावला. "ह्यानं मला राखला," म्हणाले. खिडकीजवळच्या कोनाड्यात त्याची स्थापना झाली. मग दर शनिवारी तेल-शेंदूर, दसऱ्याला जाड लेप, कुणीतरी चांदीचे डोळे आणून बसवले. सोमवारी नाना हात जोडायचे, कडीला धरून देवाला उचलायचे, दांड्याला टांगायचे, पेन्सिल वीसवर आणायचे आणि देवाला परत कोनाड्यात ठेवायचे. आठवड्यातून एक दिवस काम करणारा दुसरा देव मी पाहिला नाही.

मी त्यात नसायचो. आमचं गाव कोंडाण्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी. बुद्ध आमच्या डोक्यावर दोन हजार वर्षं राहायला होता, आम्ही त्याच्याकडे गेलो छप्पन सालानंतर. वडलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात शेंदूर नाही. नानांनी मला कधी हात जोडायला सांगितलं नाही, आणि नारळाची माझी वाटणी कधी चुकवलीही नाही. "तू नमस्कार करू नकोस रं, खोबरं तर खाशील?" खोबऱ्याशी माझं वैर नव्हतं.

खात्यात तिसरं माणूस जाईबाई. डोंगरातल्या ठाकरवाडीतून रोजंदारीवर यायची, डॅम्परमध्ये तेल भरायची. नरसाळं लावायचं, तेल सोडायचं, आणि ते उतरेपर्यंत एक गाणं म्हणायचं. दुपारच्या वेळी बरोबर तीन कडवी. एकदा नवा पिंप उघडला आणि ती दुसऱ्या कडव्यातच थांबली. "दादा, ह्ये त्याल पळतंय. आपलं न्हवं." नाना हसले. मी पिंपावरची चिठ्ठी पाहिली, खरोखरच पातळ तेल आलं होतं. तेलाचा दाटपणा मोजायचं काचेचं यंत्र साहेबांच्या कपाटात कुलपात होतं, फुटू नये म्हणून. आमचं यंत्र रोज डोंगर उतरून यायचं आणि स्वतःची भाकरी आणायचं.

अशा सुखात असताना एका बस कंपनीने आमचे तीनशे डॅम्पर परत पाठवले.

चिठ्ठी एवढीच, की तुम्ही शंभर किलो लिहिता, आमच्या मशीनवर हे एकशे आठ भरतात. फार ताठ आहेत, प्रवाशांची हाडं मोडतील. एकशे आठ! जपमाळेचा आकडा. मला तिथेच कळायला हवं होतं. कळलं नाही.

कारखान्याचे इंजिनियर पेंडसेसाहेब. भला माणूस, पण घाबरट. मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझी वही.

"जाधव, हे आकडे मशीनसमोर लिहिता, की शटलमध्ये?"

"मशीनसमोर साहेब."

"तो बिबट्याही समोरच पाहिला होता ना?"

सगळी केबिन हसली. मीही हसलो, सवयीने. मग साहेब हसायचे थांबले. म्हणाले, आठ दिवसांनी बस कंपनीचा इन्स्पेक्टर येतोय. त्याला समाधान वाटलं नाही तर काम जाईल, आणि काम गेलं तर डॅम्परचं खातं बंद. चाळीस माणसं. "आणि प्रत्येक डॅम्परच्या चिठ्ठीवर सही तुमची आहे." ड्रॉवरमधून त्यांनी एक पाकीट काढून दाखवलं. माझ्या नावाचं. आत बडतर्फीचं पत्र टाइप झालेलं होतं, तारीख तेवढी घालायची बाकी.

त्या दिवशी शटलमध्ये मी गप्प बसलो. लोकांना वाटलं घरात कुणी गेलं.

आयुष्यभर थापा मारल्या, त्याचं मला काही वाटत नव्हतं. थापेने कुणाचं पोट दुखत नाही. पण त्या वहीत मी एक आकडा कधी खोटा लिहिला नव्हता. का, ते सांगता येत नाही. कदाचित माणसाला खरं बोलायला एक जागा लागते. माझी ती होती. आणि तिथेच माझ्यावर कुणी विश्वास ठेवेना. हे कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर म्हणाले असते, आणखी एक बात.

दुसऱ्या दिवशी मी नानांना म्हणालो, "नाना, एक डॅम्पर अगदी ड्रॉइंगप्रमाणे बनवू. कमी नाही, जास्त नाही."

"ड्रॉइंगवालं कवा पास हुतंय आपल्या मशीनवर?" नाना म्हणाले. ते खरं होतं. गेली काही वर्षं ड्रॉइंगच्या मापाचा डॅम्पर कमीच भरायचा, म्हणून नानांनी भोकं थोडी थोडी बारीक करत आणली होती. "मुंबईत बसून काडलंय ते ड्रॉइंग. तेला काय कळतंय?"

तरी बनवला. भोकं मी स्वतः मापाच्या तारेने तपासली. तेल जाईबाईने भरलं. तीन कडवी, पुरी. मशीनवर चढवला. कैरी सुरेख आली, कुठे चोच नाही. आकडा ब्याण्णवच्या जरा वर.

मी कागदाकडे बघत बसलो. भोकं बरोबर. तेल बरोबर. मग शंभरऐवजी ब्याण्णव का? एक तर ड्रॉइंग खोटं, नाही तर मशीन खोटं. बस कंपनीचं मशीन म्हणतं आमचा शंभर हा एकशे आठ आहे. म्हणजे ड्रॉइंग आणि त्यांचं मशीन, असे दोन साक्षीदार एका बाजूला झाले. खोटं आमचं मशीन. पण मशीनला तर आपण दर सोमवारी विचारतो. कुणाला साक्षी ठेवून?

मी मान वळवली. कोनाड्यातून चांदीचे डोळे माझ्याकडे बघत होते.

मग मी जुन्या वह्या काढल्या. दर सोमवारी नट किती फिरवला हे मी लिहून ठेवायचो. कुणी सांगितलं नव्हतं, माझी आपली खोड. "पाव फेरा." "काही नाही." "काही नाही." मग दसरा, आणि पुढच्या सोमवारी "अर्धा फेरा". पुढच्या वर्षी दसरा, पुन्हा अर्धा फेरा. सगळे फेरे एकाच दिशेने. नऊ दसरे.

वजन वीसचं राहिलं नव्हतं. दर शनिवारी, दर दसऱ्याला देव जेवत होता आणि भरत होता. आम्ही एकवीस-बावीस किलो टांगून मशीनला सांगत होतो, हे वीस आहे असं म्हण. मशीन बिचारं म्हणत होतं.

आता हे सांगायचं कसं? विचार करा. सांगणारा कोण, तर बाताड्या. त्यातून बौद्ध. सांगायचं काय, तर तुमच्या देवामुळे तीनशे डॅम्पर परत आले, त्याला खरवडा. नाना माझ्यापेक्षा हातभर उंच होते. आधी पुरावा हवा. कारखान्याच्या स्टोअरमध्ये काटा होता, पण तो कशाने लावलेला? याच वजनाने! चोराच्या भावालाच साक्षीला बोलवण्यासारखं.

तेव्हा मला भातगिरणीवाले शेठ आठवले.

पाळी सुटायच्या सुमाराला नाना हात धुवायला गेले. मी देव उचलला. जाईबाई चिंध्यांची पाटी भरत होती, तिने बघितलं.

"दादा, द्येव चोरतूस?"

"चोरत नाही जाईबाई. तोलायला नेतोय."

"तोलून आनशीन ना?"

"उद्या सकाळच्या शटलने."

ती थोडा वेळ त्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग पाटीतल्या चिंध्या बाजूला केल्या. "ठिव. द्येवाला बी कळू दे त्याचं वजान." आणि ती पाटी डोक्यावर घेऊन फाटकातून अशी निघाली, जशी काही कापसाची आहे. पहारेकऱ्याने माझा डबा उघडून पाहिला.

स्टेशनवर मी देव पिशवीत घेतला, वर टॉवेल. शटल सुटली. लौजीला गाडीने हिसका दिला आणि टॉवेल घसरला. समोर एक म्हातारी बसली होती. तिने शेंदूर पाहिला, डोळे पाहिले आणि हात जोडले.

"कुठल्या गावचा रं ह्यो?"

मी म्हणालो, "टेस्टिंग खात्याचा."

"पावतो का?"

"आजी, याच्यामुळे चाळीस माणसांची नोकरी जायची वेळ आलीय. म्हणजे अंगात काहीतरी आहेच."

तिने दोन फुलं वाहिली. तिचं बघून पलीकडच्याने केळं ठेवलं. डोलवलीला डबा उठून माझ्याकडे आला. केळवलीला एकाने नवस बोलला. पळसदरीला इंजिन ड्रायव्हर दर्शनाला येऊन गेला असं मी पुढे सांगत असे; तो आला नव्हता, पण गाडी तिथे नेहमीपेक्षा जास्त थांबली हे नक्की. गंमत बघा, जन्मभर खऱ्याचं खोटं करून सांगणारा मी त्या दिवशी जे होतं ते सांगत होतो, "अहो, हे वजन आहे, नुसतं वजन," आणि डब्यातला एकही माणूस ऐकायला तयार नव्हता.

कर्जतला शेठ गिरणी बंद करत होते. मी पिशवीतून देव काढला. शेठनी आधी चप्पल काढली, मग दिवा लावला, मग विचारलं, "काय करायचं याचं?"

"तोला."

काट्यावर ठेवला. सुई गेली, अर्धी परत आली, मुकाट बसली. तेल मीच भरलं होतं ना! एकवीस किलो सहाशे ग्रॅम.

मी तिथेच एका भाताच्या पोत्यावर बसलो आणि बोटांवर गणित केलं. वीसला एक किलो सहाशे जादा, म्हणजे शंभराला आठ. आमचा शंभर तो त्यांचा एकशे आठ. आठ नि आठ तंतोतंत. शेठ म्हणाले, "रडतोस काय रे?" मी म्हटलं, "कोंडा डोळ्यात गेला." शेठनी आकडा कागदावर लिहून सही केली. माझ्यापेक्षा त्यांच्या सहीला वजन होतं.

सकाळी कारखान्याच्या फाटकावर सगळं खातं जमलेलं. नाना मध्ये उभे. डोळे लाल. देव नाहीसा झाल्याचं त्यांना येताक्षणी कळलं होतं, आणि जाईबाई एका शब्दाने बोलली नव्हती.

"कुठं हाय?" नानांनी विचारलं.

मी पिशवी खाली ठेवली. टॉवेल काढला. रात्रभरात माझ्या बायकोने देवाजवळ पाण्याचा तांब्या ठेवला होता. म्हणाली, पाहुणा आहे, आपला नसला म्हणून काय झालं.

"कुनाला इचारून नेलास?"

"कुणाला नाही. नाना, मारायचं असेल तर मारा. आधी हे वाचा."

मी शेठचा कागद दिला, आणि माझ्या वह्या. नानांना वाचायला वेळ लागायचा. ते एकेक ओळीवर बोट ठेवत गेले. दसरा, अर्धा फेरा. दसरा, अर्धा फेरा. मागून कुणीतरी बोललं, "नाना, त्या बाताड्याचं काय ऐकताय? तेनंच लिवलं असंल काल बसून."

नानांनी वर न बघता म्हटलं, "गप रं. शाई जुनी हाय."

मग त्यांनी वही मिटली. त्यांच्याइतकं ते कुणाला कळणार होतं? शेंदूर लावणारा हात त्यांचा, नट फिरवणाराही त्यांचाच. शेवटी म्हणाले, "जाधवा, आज खरं बोलतूस का?"

"वहीत मी रोजच खरं बोलतो, नाना."

त्यांनी मान हलवली. ते नळाखाली गेले, कपड्यांसकट अंघोळ केली आणि तसेच ओलेते आत आले. देवाला मशीनच्या टेबलावर ठेवलं. नारळ फोडला. हात जोडून मोठ्याने म्हणाले, म्हणजे आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं: "तू मला राखलास. मी तुला लाडानं भरवला आनि तुज्या तोंडून खोटं वदवलं. चूक माजी. पोरांवर राग धरू नगंस." आणि मग पातळ पत्र्याची पट्टी घेऊन, जखमेवरची खपली काढावी इतक्या हळुवार हाताने, त्यांनी कडेने कवच सोडवायला घेतलं. कुणालाही हात लावू दिला नाही. तासभर लागला. समोरचं अख्खं कवच डोळ्यांसकट एका तुकड्यात निघालं. आत नवंकोरं लोखंड, आणि त्यावर ठसठशीत आकडा, वीस.

नानांनी ते कवच पळसाच्या पानावर घेतलं आणि नेऊन कोनाड्यात बसवलं. आतून पोकळ, समोरून होता तसाच देव. "आता ह्यो हितं ऱ्हाईल. ह्येला काम नगं." मग वजन फडक्याने स्वच्छ पुसलं, उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"ह्ये आता तुज्याकडं."

"माझ्याकडं का, नाना?"

"तू पूजा करत नायस म्हनून." आणि थोडं थांबून: "आनि तू खोटं लिवत नायस म्हनून."

त्या दोन वाक्यांवर मी पुढली सगळी नोकरी काढली.

पेन्सिल नव्याने लावली. तो ड्रॉइंगप्रमाणे बनवलेला डॅम्पर चढवला. जाईबाई हातातलं नरसाळं तसंच धरून उभी. कैरी आली: शंभर. मला वाटतं खात्यात त्या वेळी जो आवाज झाला तो खंडाळ्याला ऐकू गेला. (हेही मोजलेलं नाही.)

ठरल्या दिवशी इन्स्पेक्टर आला. किडकिडीत, कमी बोलणारा. त्याने स्वतःच्या पिशवीतून लाखेचं सील केलेला एक डॅम्पर काढला. त्यांच्या मशीनवर तो शंभर भरला होता. म्हणाला, "पहले ये लगाओ." पेंडसेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी लावला. चाक फिरलं, पेन्सिल निघाली, वळली, परत आली. इन्स्पेक्टरने चष्मा पुसून आकडा वाचला, मग पुन्हा वाचला. म्हणाला, "अब ठीक है." त्याने कारण विचारलं. साहेबांनी सांगितलं, "वजनात थोडा फरक होता." थोडा! नऊ वर्षांची भक्ती त्यांनी एका शब्दात मिटवली. कोनाड्यातल्या डोळ्यांकडे इन्स्पेक्टरनेही एकदा पाहिलं आणि जाताना त्या बाजूला हात जोडले. त्याला आम्ही काही बोललो नाही.

साहेबांनी ड्रॉवरमधलं ते पाकीट काढलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर माझ्याकडून इन्स्पेक्टरसमोर काढलेल्या कैरीचा आकडा लिहून घेतला. माफी मागायची त्यांची ती पद्धत. मला ती पुरली. परत आलेल्या तीनशे डॅम्परांची भोकं आम्ही दोन आठवडे बसून मोठी केली. पण त्याआधीची जी वर्षं गेली, तेव्हाच्या बसगाड्यांत किती जणांच्या कमरा आम्ही ताठ केल्या असतील, ते आठवलं की अजून मान खाली जाते. आणि दुसरी गोष्ट जाईबाईची. तिला कायम करा म्हणून मी आणि नानांनी तीनदा अर्ज दिला. "गाणं म्हणणं" हे काम कुठल्या रकान्यात बसवायचं, ते हेड ऑफिसला शेवटपर्यंत कळलं नाही. ती रोजंदारीवर आली आणि रोजंदारीवरच गेली. हा एक आकडा माझ्या वहीत चुकीचा राहिला, आणि तो माझ्याने दुरुस्त झाला नाही.

नाना आधी निवृत्त झाले, बऱ्याच वर्षांनी मी. माझा शेवटचा दिवस झाला आणि दुसऱ्याच सकाळी मी खालापूरला त्यांच्या घरी गेलो. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, आवाजावरून ओळखलं. सुनेने चहा आणला. मी त्यांना शटलची, कारखान्याची, साहेबांच्या मुलाच्या लग्नाची अशी पुष्कळ हकिकत सांगितली. त्यात मीठ होतं, मसाला होता, बिबट्याही एकदा डोकावून गेला. नाना खो खो हसत होते. "बाताड्या, सुधारनार नायस तू."

मी उठलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. हसू गेलेलं.

"जाधवा, ते वजन. कितीचं हाय?"

मी आदल्याच दिवशी ते शेठच्या काट्यावर ठेवून आलो होतो, नव्या माणसाच्या हाती देण्याआधी.

"वीस, नाना."

त्यांनी खातरी करून घ्यायला पुन्हा विचारलं नाही. मनगट सोडलं आणि सुनेला हाक मारली, "खोबरं हाय का गं घरात? ह्येला दे. ह्यो खातो."